दिवेहीचा काना: आबाफिली टंकायची, साठवायची आणि तपासायची कशी

मालदीवच्या राजधानीचं नाव आपण ‘माले’ असं लिहितो. म, काना, ल, मात्रा. दिवेही भाषेत, तिच्या थाना लिपीतही या नावाला चारच चिन्हं लागतात, आणि क्रमही तोच: मीमू, आबाफिली, लामू, एबेफिली. फरक एवढाच की ओळ उजवीकडून डावीकडे चालते, आणि काना अक्षराच्या शेजारी उभा न राहता दोन तिरप्या रेघा होऊन त्याच्या डोक्यावर बसतो.

या चार चिन्हांच्या नावात मी एकदा चूक केली. सहलीच्या माहितीपत्रकासाठी बेटांच्या नावांची यादी होती आणि दिवेही रकाना तपासून आला होता तो चित्राच्या रूपात. मी तो बघून बघून पुन्हा टंकला. पडद्यावर सगळं हुबेहूब. पण यादीत ‘माले’ शोधलं की काहीच सापडेना. नाव डोळ्यांसमोर, आणि शोधपेटी म्हणतेय नाही. अर्धा दिवस फाँटला आणि डेटाबेसला शिव्या घातल्यावर कळलं, चूक माझ्या बोटांची होती. रोमन कीबोर्डवरून मराठी लिहिताना काना हवा की ‘ए’ दोनदा दाबायची सवय. तीच इथेही लागली. आबाफिलीच्या जागी दोन अबफिल्या, म्हणजे ऱ्हस्व अ च्या दोन खुणा, पडल्या होत्या. आपल्याकडे ‘मै’ लिहायला म वर एक मात्रा आणि तिच्यावर आणखी एक मात्रा ठेवावी, तसला प्रकार. दिसायला दोन मात्रा, पण संगणकाच्या लेखी तो ‘मै’ नव्हेच.

दिवेही मजकुराशी पहिल्यांदाच गाठ पडणाऱ्यांना हा अर्धा दिवस वाचावा म्हणून हे लिहितोय. सगळं आबाफिली या एका चिन्हाभोवती सांगतो. ती नीट समजली की बाकीच्या दहा खुणा आपोआप येतात. एक सूचना आधीच: सांकेतिक क्रमांक इथे देवनागरीत दिलेत. प्रत्यक्ष टंकताना आकडे इंग्रजी घ्यायचे आणि ए, बी, डी, ई, एफ ही अक्षरं रोमन.

पहिली पायरी: फिली म्हणजे काय ते बाराखडीवरून समजून घ्या

थानामध्ये स्वरखुणेला फिली म्हणतात. एकूण दहा, आणि अकरावं सुकुन. सुकुन म्हणजे आपलं पायमोड्याचं चिन्ह, फक्त ते पायाखाली नसून वर छोट्या वर्तुळाच्या रूपात असतं. बहुतेक फिल्या अक्षराच्या वर बसतात. इ आणि ई या दोनच खाली. अ ची एक तिरपी रेघ, आ च्या दोन, तसंच इ ची खाली एक आणि ई च्या दोन. दीर्घ स्वर म्हणजे ऱ्हस्वाची खूण दुप्पट, असाच साधारण नियम आहे. दीर्घ ओ तेवढा वेगळ्या आकाराचा.

नावंही गमतीची आहेत, पण एकदा फोड कळली की पाठ करावी लागत नाहीत. अ-ब-फिली, आ-बा-फिली, इ-बि-फिली, ई-बी-फिली, उ-बु-फिली, ऊ-बू-फिली. आधी नुसता स्वर, मग तोच स्वर ‘ब’ ला लावलेला, मग फिली. शाळेत ‘ब ला काना बा’ म्हणायचो, त्याच चालीवर.

आपल्या लिपीशी मोठा फरक अ चा. देवनागरीत ‘म’ लिहिला की अ त्याच्या पोटात असतोच. थानात तो नसतो. म हवा असेल तर मीमू लिहून वर अबफिली द्यावीच लागते, आणि नुसतं व्यंजन हवं असेल तर सुकुन. दिवेहीत माशाला ‘मस’ म्हणतात. हा शब्द आपल्याला परका वाटू नये, कारण दिवेही ही सिंहलीसारखी इंडो-आर्य कुळातलीच भाषा आहे. मराठीत आपण ‘मस’ लिहितो आणि शेवटचा अ गिळून टाकतो, कोणाचं काही बिघडत नाही. थानात ते चालत नाही. मीमू, अबफिली, सीनू, सुकुन: चार चिन्हं. वाचणाऱ्याने अंदाज करावा अशी जागा लिपीने ठेवलेलीच नाही.

शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला तर अलिफू नावाचं अक्षर घ्यायचं. त्याला स्वतःचा आवाज नाही. ती खुंटी आहे, हवी ती फिली तिच्यावर टांगा. अलिफू आणि आबाफिली म्हणजे आ. सावरकरांच्या लिपिशुद्धीतले ‘अि, अी, अु, अू’ ज्यांनी पाहिलेत त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. आपल्याकडे ती रुळली नाही. थाना मात्र पहिल्यापासून तशीच आहे.

दुसरी पायरी: चिन्हाचा क्रमांक ओळखीचा करा

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी प्रमाण यादी. तिच्यात थानाचा पट्टा यू+०७८० पासून यू+०७बीएफ पर्यंत आहे. १९९९ साली, युनिकोडच्या ३.० आवृत्तीत तो आला. पुढे ३.२ आवृत्तीत (२००२) ‘ना’ हे एक अक्षर वाढलं. आज त्यात ५० चिन्हं आहेत: ३९ अक्षरं आणि ११ खुणा. खुणा सलग मांडल्या आहेत. यू+०७ए६ ला अबफिली, यू+०७ए७ ला आबाफिली, असं करत शेवटी यू+०७बी० ला सुकुन.

म्हणजे आपली आबाफिली ०७ए७ (हे क्रमांक सोळावर आधारलेल्या हेक्साडेसिमल पद्धतीतले), दशमान पद्धतीत १९५९. वेबपानावर क्रमांकाने लिहायची तर अँडचं चिन्ह, हॅश, १९५९ आणि अर्धविराम.

आता जिथे मी आपटलो ती गोष्ट. दोन अबफिल्या जोडल्या म्हणजे आबाफिली होते, असा कुठलाही नियम युनिकोडमध्ये नाही. रोमनमधला टोपीवाला ई दोन प्रकारे लिहिता येतो, अखंड एक चिन्ह म्हणून किंवा साधा ई आणि वर वेगळी टोपी म्हणून. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं, केलं की हे दोन्ही प्रकार एकच होतात. फिल्यांना असं विघटन दिलेलंच नाही. त्यामुळे ०७ए६ ०७ए६ ही जोडी कितीही नॉर्मलाइझ केली तरी ती ०७ए७ होणार नाही. दोन वेगळ्या गोष्टी, कायमच्या.

नावांमध्ये आणखी एक खड्डा आहे. युनिकोडच्या यादीतली रोमन नावं मालदीवच्या सरकारी रोमन लेखनपद्धतीने लिहिलेली आहेत. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर यांच्या काळात थाना बाजूला सारून रोमन लिपी आणली गेली. १९७८ मध्ये मौमून अब्दुल गयूम आले आणि थाना परत आली, पण ती रोमन पद्धत नावांमध्ये राहून गेली. त्या पद्धतीत दोन ‘ओ’ म्हणजे ऊ आणि दोन ‘ई’ म्हणजे ई. दीर्घ ओ साठी ‘ओ-ए’ आणि दीर्घ ए साठी ‘ई-वाय’. यादीत दोन ओ दिसले म्हणून दीर्घ ओ ची खूण समजून उचलाल, तर हातात ऊकार येईल.

तिसरी पायरी: टंकून बघा

विंडोजमध्ये दिवेहीचे दोन कीबोर्ड सोबतच येतात, एक फोनेटिक आणि एक टाइपरायटर पद्धतीचा. नवख्याने डोळे झाकून फोनेटिक घ्यावा. त्यात एम दाबला की मीमू, एल दाबला की लामू. ए ची कळ नुसती दाबली की अबफिली, आणि शिफ्ट धरून दाबली की आबाफिली. बाकी स्वरांचंही तसंच: नुसती कळ ऱ्हस्व, शिफ्टसह दीर्घ. अलिफू डब्ल्यूवर आहे, सुकुन क्यूवर.

‘माले’ टंकायचं तर: एम, शिफ्ट धरून ए, एल, ई. चार वेळा बोट. क्रम नेहमी आधी व्यंजन, मग फिली. आपल्या पहिल्या वेलांटीसारखा घोळ इथे नाही, कारण फिली अक्षराच्या आधी दिसतच नाही, वर किंवा खालीच असते.

शेवटच्या ई ला शिफ्ट धरायचा नाही. माले मधला ‘ले’ ऱ्हस्व आहे. मराठीत ए ला ऱ्हस्व-दीर्घ असा भेद लिहिण्याची सोय नाही, म्हणून आपल्या कानाला तो पटकन कळत नाही. ए आणि ओ च्या बाबतीत मराठी लिप्यंतरावर विसंबू नका, मूळ दिवेही लेखन पाहा.

कीबोर्ड बसवायचा नसेल आणि एखाद-दुसरंच चिन्ह हवं असेल, तर वर्डमध्ये ०७ए७ टंकून ऑल्ट आणि एक्स दाबा. आकडे जाऊन फिली येईल. मात्र आधी अक्षर असू द्या. एकटी फिली टाकली तर बऱ्याच ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ते चूक दाखवणारं नाही, ‘माझ्याखाली अक्षर नाही’ एवढंच ते सांगतं. नुसती खूण दाखवायचीच असेल, समजा तक्त्यात, तर तिच्या आधी न तुटणारी मोकळी जागा, यू+००ए०, टाका.

चौथी पायरी: दिसतंय ते नाही, साठवलंय ते तपासा

ही पायरी कोणी करत नाही आणि खरी ही एकच महत्त्वाची आहे.

संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा असेल तर युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल त्याच्यासोबतच येतं. शब्दातलं एकेक चिन्ह घेऊन त्याचं नाव छापा. ‘माले’ बरोबर असेल तर चार ओळी येतील: थाना लेटर मीमू, थाना आबाफिली, थाना लेटर लामू, थाना एबेफिली. माझ्या यादीत पाच आल्या होत्या. मधे ‘थाना अबफिली’ दोनदा. त्या पाच ओळी बघून मी एवढ्या जोरात हसलो की शेजारच्या टेबलावरच्या ताई उठून बघायला आल्या.

दिसण्यावर विसंबू नका म्हणतो याचं कारण फाँट. दोन अबफिल्या एखादा फाँट एकावर एक रचतो, मग ती आबाफिलीच वाटते. दुसरा फाँट त्यांना नेमकं एकमेकींवर छापतो, मग एकच रेघ दिसते आणि ‘मा’ चा ‘म’ होतो. तिसरीकडे दुसरीच्या खाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं. तीन यंत्रांवर तीन रूपं, साठवलेलं मात्र तेच.

अरबीची भेसळही इथेच पकडायची. थानाच्या अ, इ आणि सुकुन या खुणा अरबी फतहा, कसरा आणि सुकुन यांच्यासारख्याच दिसतात. पण अरबी फतहा यू+०६४ई आहे, अबफिली यू+०७ए६. कुठून तरी उचलून चिकटवलेल्या मजकुरात ही अदलाबदल असू शकते. उलट अरबी स्वल्पविराम, अर्धविराम आणि प्रश्नचिन्ह दिसले तर ते काढू नका. दिवेहीत तेच वापरतात, थानाने स्वतःचे वेगळे केलेले नाहीत.

पाचवी पायरी: फाइल आणि बाइट

यूटीएफ-८ ही युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये बाइटांच्या रूपात साठवायची पद्धत. तिच्यात यू+०७एफएफ पर्यंतची चिन्हं दोन बाइटांत मावतात. थाना या सीमेच्या जेमतेम आत आहे, देवनागरी बाहेर. म्हणून थानाचं प्रत्येक चिन्ह दोन बाइट, आपलं प्रत्येक चिन्ह तीन. ‘माले’ थानात आठ बाइट, देवनागरीत बारा. चिन्हं दोन्हीकडे चार.

आबाफिलीचे बाइट डीई आणि ए७. आता क्रमांक पुन्हा बघा: ०७ए७. शेवटचे दोन अंक जसेच्या तसे उतरले आहेत. पट्टा नेमका ८० ते बीएफ असा असल्यामुळे हा योग जुळून आलाय, थानाच्या सगळ्या चिन्हांना तो लागू आहे. पहिला बाइट कायम डीई, दुसरा म्हणजे क्रमांकाची शेपटी. देवनागरीचे बाइट असे तोंडी कोणी सांगून दाखवावेत!

याचा रोजचा उपयोग असा. यूटीएफ-८ ची फाइल कोणी जुन्या पश्चिम युरोपीय एन्कोडिंगमध्ये उघडली की मजकुराची खिचडी होते. देवनागरीची खिचडी आपण शंभरदा पाहिलेली असते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ए पुन्हा पुन्हा. थानाच्या खिचडीत दर दुसरं चिन्ह आइसलँडचं थॉर्न असतं, काठीला मधोमध पोट आलेलं, पी सारखं दिसणारं. थॉर्न आणि त्याच्यापुढे कायद्याच्या पुस्तकातलं कलमाचं चिन्ह अशी जोडी दिसली की समजा तिथे आबाफिली होती. अशी फाइल दुरुस्त होऊ शकते, फेकू नका. फक्त त्या अवस्थेत ‘सेव्ह’ करू नका.

सहावी पायरी: फिल्या खाणारे प्रोग्राम

युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्ग देतं. मीमू ‘अक्षर’ आहे. आबाफिली ‘जागा न घेणारी खूण’ आहे. आपला काना मात्र ‘जागा घेणारी खूण’, कारण तो शेजारी उभा राहतो. आपल्या मात्रेचा आणि उकाराचा वर्ग पुन्हा जागा न घेणारा.

हे वर्गीकरण कोरडं वाटेल, पण यातून फार जुना रोग होतो. अनेक प्रोग्रामांत वेबपत्ता बनवताना किंवा शोध सोपा करताना ‘जागा न घेणाऱ्या खुणा काढून टाका’ असा एक टप्पा असतो. लिहिणाऱ्याच्या मनात फ्रेंच टोप्या असतात. त्यातून देवनागरी ‘माले’ गेलं की काना वाचतो, मात्रा उडते, आणि राजधानीचा ‘माल’ होतो. थानातलं ‘माले’ गेलं तर दोन्ही फिल्या उडतात. राहतात मीमू आणि लामू, नागडी. आपल्याला ‘मल’ असं तरी वाचता येईल. दिवेही वाचकाला तो शब्दच वाटणार नाही, कारण बिनफिलीचं अक्षर त्याच्या लिपीत सहसा असतच नाही.

दुसरा भाऊ नाव तपासणारा फॉर्म. ‘फक्त अक्षरं चालतील’ अशी अट असली की फिली अक्षर नाही म्हणून नाव नाकारलं जातं. मराठी नावांनाही हा अनुभव येतोच. उपाय दोघांचा एकच: अक्षरांसोबत खुणांचा वर्गही चालू द्या. पायथनच्या रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत) ‘शब्दातलं चिन्ह’ या छोट्या संकेतात फिल्या येत नाहीत, म्हणून तिथे ०७८० ते ०७बी१ हा पल्ला स्वतः लिहा.

सातवी पायरी: पानावर दाखवणं

इथे फार अडत नाही. दिवेही मजकूर ज्या घटकात आहे त्याला दिशा उजवीकडून डावीकडे द्या आणि भाषेचा संकेत डी-व्ही ठेवा. फाँट म्हणून नोटो सान्स थाना मोफत मिळतो. विंडोजवर एमव्ही बोली असतो. मालदीवमध्ये फरुमा आवडीचा आहे. अक्षर एका फाँटमधून आणि फिली दुसऱ्यातून येऊ देऊ नका, नाहीतर खूण भलतीकडे लोंबकळते. ओळींमधलं अंतर थोडं सैल ठेवा. आपले रफार आणि ऊकार जसे कापले जातात, तशाच वरच्या-खालच्या फिल्या कापल्या जातात, आणि आबाफिलीची वरची रेघ कापली गेली की परत अबफिली.

आठवी पायरी: यादी एकदा चाळणीतून काढा

मजकूर मोठा असेल तर दोन शोध चालवा. पहिला: लागोपाठ दोन फिल्या. एका अक्षराला एकच फिली असते, त्यामुळे जोडी दिसली की ती चूकच. पण ०७ए६ ०७ए६ दिसलं की सरसकट ०७ए७ करून टाकायचा मोह आवरा. कदाचित आ हवा असेल, कदाचित अ वर बोट दोनदा पडलं असेल. मूळ कागद बघूनच ठरवा.

दुसरा: फिली नसलेलं अक्षर. इथे मात्र दोन अपवाद लक्षात ठेवा. नूनू हे अक्षर बिनफिलीचं चालतं. पुढच्या व्यंजनाला नाकातला हलका स्पर्श द्यायला ते तसं येतं. समुद्राला दिवेहीत ‘कंडु’ म्हणतात, त्यातला नूनू असाच मोकळा असतो. दुसरा अपवाद अटॉलांचा, म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांच्या समूहांचा. मालदीवचे प्रशासकीय अटॉल थानाच्या अक्षरांनी ओळखले जातात: काफू, बा, राआ, लामू वगैरे. रिसॉर्टांच्या जाहिरातीत दिसणारा ‘बा अटॉल’ म्हणजे ‘ब’ अक्षराचा अटॉल. पत्ता लिहिताना बेटाच्या नावाआधी ते एकटं अक्षर आणि पूर्णविराम टाकतात, माले भौगोलिकदृष्ट्या काफूत येतं म्हणून तिच्याआधी नुसता काफू. माझ्या पहिल्या चाळणीने ही सगळी अक्षरं चूक म्हणून लाल केली होती, आणि मी आज्ञाधारकपणे प्रत्येकावर अबफिली चढवायला बसलो होतो. तिसऱ्या बेटावर शंका आली म्हणून थांबलो.

दोन्ही शोध रिकामे आले की यादी मजकूर म्हणून आणि चित्र म्हणून, दोन्ही रूपांत दिवेही वाचणाऱ्या माणसाकडे पाठवा, आणि त्याला विनंती करा की दुरुस्त्या चित्रात नको, टंकूनच पाठव.